आमची वाटचाल : काही डिस्क नाकारणाऱ्या प्लेअरची दुरुस्ती

मिरजेत वडिलांनी दुरुस्तीचे दुकान सुरू केले तेव्हा कामात मुख्यतः रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि पुढे कॅसेटचे टेपरेकॉर्डर असत. सतारी आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांच्या आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या या गावात आमचा ग्राहक पहिल्यापासून चोखंदळ कानाचा होता. कॅसेटचा वेग किंचित कमी झाला तरी षड्ज उतरल्याची तक्रार घेऊन लोक येत, आणि ती तक्रार बहुधा खरी निघे. जपानमध्ये १९८२ साली बाजारात आलेले सीडी प्लेअर आमच्या टेबलावर दुरुस्तीसाठी येऊ लागले ते मात्र नव्वदच्या दशकात. तेव्हापासून आजवर आमच्या कामाला जिने सर्वाधिक वळण दिले, ती तक्रार एकच आहे : प्लेअर चालू आहे, पण काही ठरावीक डिस्क घेत नाही.

पूर्ण बंद पडलेल्या यंत्राचे निदान तुलनेने सोपे असते; वीजपुरवठा, फ्यूज, मोटर अशा क्रमाने तपासत गेले की दोष सापडतो. निवडक डिस्क नाकारणारा प्लेअर मात्र अर्धा निरोगी असतो, आणि ग्राहकाचा पहिला समज असा असतो की डिस्कच खराब आहे; तीच डिस्क शेजाऱ्यांकडे व्यवस्थित वाजली की तो समज उलटतो आणि सारा दोष प्लेअरवर येतो. आमच्या व्यवसायात अशा वेळी ‘लेन्स गेली’ असे म्हणून पूर्ण पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्स असलेला डिस्क वाचणारा भाग, बदलण्याची पद्धत रूढ आहे. पिकअप बदलल्यावर अनेकदा प्लेअर चालतोही, पण का चालला याचे उत्तर कोणाकडे नसते, आणि मूळ दोष दुसरीकडे असेल तर काही महिन्यांनी तोच प्लेअर परत येतो. म्हणून आम्ही एक नियम घालून घेतला, जो आजही पाळतो : प्लेअरबरोबर नाकारल्या जाणाऱ्या दोन-तीन डिस्क आणि विनातक्रार वाजणारी एक डिस्क आणल्याशिवाय यंत्र उघडायचे नाही. प्रारंभी ग्राहकांना हा नियम जाचक वाटला. आमच्या मते मात्र निम्मे निदान त्या पिशवीतल्या डिस्कमध्येच असते.

याचे कारण सीडीच्या रचनेत आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. मध्याजवळच्या पट्ट्यात अनुक्रमणिका असते आणि ती वाचता आली नाही तर पुढची सर्व गाणी शाबूत असूनही पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते. वाचनाचा वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर इतका स्थिर ठेवायचा असल्यामुळे डिस्क आतल्या बाजूस मिनिटाला सुमारे ५०० फेरे आणि बाहेरच्या काठाशी सुमारे २०० फेरे फिरते. त्यामुळे फिरण्याचा सर्वांत जास्त वेग लागतो तो नेमका सुरुवातीला, आणि डिस्क फिरवणारी झिजलेली स्पिंडल मोटर तेथेच कमी पडते. उलट पहिली गाणी स्वच्छ वाजून शेवटची अडखळत असतील, तर पिकअप सरकण्याच्या दांडीवरचे वाळलेले ग्रीस, झिजलेली चक्री किंवा वाकलेली डिस्क यांकडे पाहावे लागते. सकाळी नाकारलेली डिस्क यंत्र अर्धा तास चालू राहिल्यावर स्वीकारली गेली, तर आम्ही ग्रीसबरोबर वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटरही तपासतो. डिस्क कोठे अडखळते, केव्हा अडखळते आणि ती कोणत्या जातीची आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ग्राहकाकडून शांतपणे काढून घेतली की पेचकस हाती घेण्यापूर्वीच शोधाची दिशा ठरते.

डिस्कच्या जातीचा प्रश्न आमच्या गावात विशेष महत्त्वाचा ठरला. सीडी लिहिणारे संगणक घरोघरी आल्यावर गुरूंच्या तालमीची, खासगी बैठकींची आणि जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे लोकांनी सीडी-आर वर, म्हणजे घरी एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर, साठवली. नव्वदच्या दशकातला उत्तम प्लेअर दुकानातून विकत घेतलेली छापील सीडी निर्वेध वाजवतो आणि गुरुजींच्या तालमीची डिस्क मात्र दोनदा चाचपून बाहेर टाकतो, असे घडू लागले. छापील सीडीचा ॲल्युमिनियमचा थर लेसरचा किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवतो. सीडी-आर मध्ये रंगद्रव्याचा थर असल्यामुळे परतणारा प्रकाश थोडा कमी असतो, आणि पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यू मध्ये तो १५ ते २५ टक्क्यांवर येतो. जुन्या प्लेअरची रचना झाली तेव्हा आरडब्ल्यू डिस्क अस्तित्वातच नव्हती, म्हणून तिला नाकारणारा प्लेअर नादुरुस्त म्हणता येत नाही. पूर्वी सीडी-आर वाजवणारा प्लेअर हळूहळू ती नाकारू लागला असेल, तर मात्र लेसर क्षीण होत आहे किंवा लेन्सवर थर बसला आहे, याची ती पहिली खूण असते. त्या टप्प्यावर यंत्र आले तर बहुधा वाचते.

लेन्सवरच्या या थराविषयी थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे प्लेअर पुष्कळदा देवघराजवळ असतो, कारण सकाळी त्यावर भूपाळ्या आणि अभंग लावले जातात; उदबत्ती आणि धूप यांचा चिकट धूर, त्यात स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफ, आणि त्यावर धूळ, असा पातळ पडदा लेन्सवर साचतो. तो सहज नजरेस येत नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने, लेन्सवर दाब न देता, तो पुसला की डिस्क नाकारण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच तेथेच संपतात. नेलपॉलिश काढण्याचे द्रव वापरू नये, कारण लेन्स प्लॅस्टिकची असते आणि ती कायमची धुरकट होते. लेन्स ज्या नाजूक आधारांवर तरंगते ते जुन्या यंत्रांत आधीच थकलेले असल्यामुळे ब्रश लावलेल्या स्वच्छता-डिस्कही आम्ही वापरत नाही. डिस्क पुसण्याचीही रीत आहे : मध्यापासून काठाकडे सरळ रेषेत. गोलाकार पुसल्याने पडणारा ओरखडा माहिती लिहिलेल्या वर्तुळाकार मार्गाच्या दिशेने लांबत जातो, आणि प्लेअरमधली चूक सुधारणारी गणिती व्यवस्था साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचीच सलग तूट पूर्णपणे भरून काढू शकते. खालच्या बाजूचे पॉलीकार्बोनेट १.२ मिलिमीटर जाड असल्याने तेथला वरवरचा ओरखडा घासून काढता येतो. नावाच्या बाजूला मात्र लाखेच्या पातळ थराखाली लगेच धातूचा थर असतो आणि तेथला ओरखडा कायमचा असतो.

लेन्स पुसूनही फरक पडला नाही, तर स्कोपवर, म्हणजे विद्युत संकेताची आकृती पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, पिकअपचा संकेत पाहतो. हिऱ्याच्या आकाराच्या जाळ्या स्पष्ट आणि पुरेशा उंच दिसल्या तर लेसर निरोगी आहे आणि दोष यांत्रिक भागात आहे. जाळ्या पुसट आणि बुटक्या असतील तर पिकअप थकला आहे. पिकअपवरचा छोटा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने फिरवायचा नियंत्रक, फिरवून लेसरचा प्रवाह वाढवण्याचा उपाय सर्वत्र चालतो, आणि त्याने डिस्क लगेच वाजूही लागते. आम्ही तो करीत नाही. वाढीव प्रवाहाने थकलेला लेसर आणखी लवकर संपतो, आणि ग्राहकाने दुरुस्तीसाठी दिलेल्या पैशात त्याला अल्पकाळचा आराम विकणे मला मान्य नाही. बदलायचा पिकअप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून येतो. केएसएस-२१३ सारख्या प्रचलित पिकअपच्या नकला भरपूर मिळतात आणि त्यांचा दर्जा फार असमान असतो, म्हणून प्रत्येक नग बसवण्यापूर्वी तपासावा लागतो. स्थिर विजेपासून लेसर वाचवण्यासाठी त्यावर घातलेला सोल्डरचा थेंब पिकअपची चपटी तारपट्टी (रिबन) जोडून झाल्यावरच काढायचा, ही गोष्ट शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते. तो थेंब तसाच राहिला तर नवा पिकअपही एकही डिस्क वाचत नाही.

डीव्हीडी प्लेअर आल्यावर नकाराची आणखी कारणे आली. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीचा ७८० नॅनोमीटरचा. सीडी-आर चे रंगद्रव्य ७८० साठी बनवलेले असल्यामुळे फक्त एकच लेसर असलेल्या आरंभीच्या डीव्हीडी प्लेअरना छापील सीडी वाचता येई आणि घरी लिहिलेली सीडी दिसतही नसे. दोन लेसरच्या पिकअपने हा प्रश्न मिटवला, पण त्यांतला एकच लेसर थकला की सर्व डीव्हीडी चालतात आणि सर्व सीडी नाकारल्या जातात, किंवा याच्या उलट घडते. अमेरिकेतल्या मुलांनी पाठवलेल्या डीव्हीडी हा आणखी एक नेहमीचा प्रसंग आहे. तेथल्या बाजारातल्या बहुतेक चित्रपट-डिस्कवर, ती जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा, विभाग १ चा संकेत असतो आणि भारत विभाग ५ मध्ये येतो, त्यामुळे येथला प्लेअर त्यांना नियमाप्रमाणेच परत पाठवतो. कुटुंबाने घरी तयार केलेल्या समारंभाच्या डिस्कवर असा संकेत सहसा नसतो. ती नाकारली गेली, तर बहुधा लिहिणाऱ्याने तिचे फायनलाइझ, म्हणजे लेखन पूर्ण करून डिस्क बंद करणे, केलेले नसते, आणि ते शक्यतो ज्या यंत्रावर लिहिली तेथेच करून घ्यावे लागते. या दोन्ही प्रसंगांत आम्ही प्लेअर न उघडता परत देतो आणि शुल्क घेत नाही.

गेल्या काही वर्षांत दुरुस्तीच्या जोडीने डिस्क वाचवण्याचे काम वाढले आहे. काही जुन्या पिकअपचे उत्पादन थांबले असल्यामुळे भंगारात निघणारे प्लेअर विकत घेऊन त्यांचे सुटे भाग जपून ठेवावे लागतात, आणि तरीही कधी भाग मिळतच नाही. अशा वेळी तालमीची डिस्क संगणकाच्या चांगल्या ड्राइव्हवर सावकाश वाचून तिची फाइल करतो, आणि ग्राहकाला जुन्याच प्लेअरवर ऐकायचे असेल तर नवी प्रत ७४ मिनिटांच्या मर्यादेत, मध्यम वेगाने, एका दमात लिहून आणि फायनलाइझ करून देतो. ८० मिनिटांच्या डिस्कवर मार्ग जरा दाटीने आखलेला असतो, आणि काठापर्यंत भरलेली अशी डिस्क वृद्ध यंत्राला शेवटी जड जाते. वर कागदी लेबल चिकटवू नये, कारण त्याने तोल बिघडतो. नाव मध्यभागच्या पारदर्शक कड्यावर लिहावे. मूळ डिस्क आम्ही कधीच ठेवून घेत नाही. ती उभ्या डबीत, उजेडापासून दूर ठेवण्याची सूचना लिहून, नव्या प्रतीबरोबर परत देतो.