गोफ तापतोय हे धुराआधी कसं कळलं : माझा अनुभव

भूमिगत कोळसा खाणीत मी वायुवीजन बघतो. कोळसा काढल्यावर मागे राहिलेल्या पोकळीत, म्हणजे गोफमध्ये, सुटा कोळसा पडून असतो. तो ऑक्सिजन शोषतो आणि तापतो. हवा खेळती असेल तर उष्णता निघून जाते, हवाच नसेल तर तापणं थांबतं. घात करते ती मधली, रेंगाळणारी हवा.

आमच्या एका पॅनेलमध्ये, म्हणजे कोळसा काढायला आखलेल्या खाणीच्या एका भागात, गोफच्या कडेला कार्बन मोनॉक्साइड (कोळसा तापला की निघणारा वायू) ६० पीपीएमवर गेला. हवा वाढवा, आकडा उतरेल, असं काही जण म्हणाले. उतरलाही असता, पण वायू नुसता पातळ झाला असता आणि गोफला ऑक्सिजन जास्त मिळाला असता. म्हणून आम्ही ग्रॅहम गुणोत्तर काढलं, म्हणजे खर्ची पडलेल्या ऑक्सिजनच्या तुलनेत मोनॉक्साइड किती टक्के. ताज्या हवेच्या भेसळीने ते फारसं हलत नाही. नमुन्यात नायट्रोजन ७९.४ टक्के, ऑक्सिजन २०.१. नायट्रोजनला ०.२६५ ने गुणून ऑक्सिजन वजा केला, की खर्ची पडलेला ऑक्सिजन मिळतो : ०.९४. मोनॉक्साइड ६० पीपीएम, म्हणजे ०.००६ टक्के; त्याला ०.९४ ने भागून १०० ने गुणलं की गुणोत्तर ०.६४. ढोबळमानाने ०.५ च्या आत ठीक, १ च्या वर तापणं जवळपास नक्की, ३ च्या पुढे आगच समजायची. प्रत्येक खाणीचा नेहमीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे मी चढता कल जास्त मानतो. आमचा चढतच गेला. मग छतावर घामासारखे थेंब आणि रॉकेलसारखा वास.

पॅनेल सील करायचं ठरलं. यातली सगळ्यात जोखमीची वेळ शेवटची फट बुजवल्यानंतरची. आत मिथेन साचतो, ५ ते १५ टक्क्यांच्या स्फोटक पट्ट्यातून जातो, आणि ठिणगीला तापलेला कोळसा आधीच हजर असतो. म्हणून आत नायट्रोजन सोडत राहिलो, इनटेक (हवा आत येण्याची वाट) आणि रिटर्न (बाहेर जाण्याची वाट) यांची तोंडं एकाच वेळी बंद केली आणि लगेच सगळी माणसं वर काढली.

पुढचे नमुने स्टॉपिंगमधल्या, म्हणजे वाट बुजवणाऱ्या भिंतीतल्या, नळीतून, तेही बॅरोमीटर उतरत असतानाच घेतले. तेव्हा सीलमागची हवा बाहेर येते. दाब चढत असताना बाहेरचीच हवा आत शिरते आणि नमुना खोटा दिलासा देतो. ऑक्सिजन उतरत गेला, तरी सील उघडायची घाई केली नाही. आतला कोळसा फार सावकाश निवतो.

पुढचं पॅनेल आम्ही लहान आखलं, कोळसा आपोआप तापायला लागतो त्या मुदतीआधी संपेल इतकं, आणि स्टॉपिंगच्या खाचा उत्खनन सुरू होण्यापूर्वीच खोदून ठेवल्या.