नवी एम२ आली आणि बेसमेंटच्या बांधावर अडली : माझा अनुभव

गाडीबद्दल भरभरून लिहायचंय पण आधी सोसायटीच्या त्या बांधाबद्दल लिहू दे, कारण राग अजून गेलेला नाही. आम्ही खारघरला राहतो, टॉवर आहे, पार्किंग बेसमेंटला. बीएमडब्ल्यूची एम२ घेतली, जमिनीलगत बसलेली स्पोर्ट्स कार, निळी, मॅन्युअल गियरवाली, गेली कितीतरी वर्षं मनात होती. लोन, इन्शुरन्स, पनवेल आरटीओचा एमएच ४६ नंबर, यातलं काहीच अडलं नाही, मी फक्त सह्या केल्या. अडलं ते माझ्याच बिल्डिंगच्या रॅम्पवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अशा गाडीला नुसता ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्याचा, आकडा बघून काही कळत नाही. पुढच्या चाकाच्या पुढे नाक किती बाहेर येतं आणि त्या नाकाची खालची कड जमिनीपासून किती वर आहे, या दोन्हीतून जो कोन होतो तो बघायचा असतो. शिवाय दोन चाकांमधलं अंतर. एम२ चं ते जवळजवळ पावणेतीन मीटर आहे, म्हणजे अरुंद आणि उंच ब्रेकरवर पुढची चाकं उतरली की मधलं पोट टेकायची भीती. काही महागड्या स्पोर्ट्स कारना बटण दाबून नाक वर उचलायची सोय असते, एम२ ला ती नाही.

आता आमचा बांध. रॅम्प जिथून खाली उतरायला लागतो तिथे पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून सिमेंटचा बांध घातलाय, साधारण सहा इंच उंच आणि जेमतेम फूटभर रुंद, कडा सरळ उभ्या. त्याच्या आधी लोखंडी जाळी, तीही थोडी वर आलेली. बांध हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, खारघरचा पाऊस मी पण बघते, डोंगरावरून पाणी कसं येतं माहितीये. पण त्याला दोन्ही बाजूंनी उतार दिला की पाणीही अडतं आणि गाड्याही जातात, एवढं साधं आहे हे.

मी बुकिंगच्या आधीच तपासलं होतं. माझा पॅकेजिंगचा धंदा आहे रबाळे एमआयडीसीत, पुठ्ठा हाताशी असतोच. शोरूममध्ये जाऊन डेमो गाडीच्या नाकाची उंची आणि चाकापर्यंतचं अंतर मोजलं, त्या मापाचा जाड पुठ्ठा कापला आणि रात्री रॅम्प रिकामा असताना बांधावर धरून बघितला. स्पष्ट दिसत होतं की सरळ गेलं तर घासणार. लगेच कमिटीला पत्र दिलं, की बांधाला उतार द्यावा, खर्च पूर्ण माझा, काम सोसायटी सांगेल त्या कॉन्ट्रॅक्टरकडून. सेक्रेटरी काका म्हणाले, "होऊन जाईल मॅडम, काय मोठं काम आहे." चेअरमन साहेब पण हो म्हणाले. त्यावर मी बुकिंग केलं.

आणि मग सुरू झालं. गाडी यायची वेळ झाली तरी काम नाही. विचारलं तर, "मीटिंगमध्ये विषय घ्यायला लागेल." मीटिंगमध्ये विषय आला तर एक मेंबर म्हणाले की आज यांच्यासाठी बांध तोडला तर उद्या दुसरा येऊन दुसरं काही मागेल. अहो तोडायला कोण सांगतंय! उतार द्यायचाय. ते समजावलं तर पुढचा प्रश्न, पाणी आत गेलं तर जबाबदारी कोणाची. म्हटलं ठीक आहे, लिहून देते, बांधाची उंची एक इंचसुद्धा कमी करणार नाही, स्केच पण जोडलं. तर म्हणे इंजिनियरचं मत घ्या. घेतलं, फी मी भरली. इंजिनियरने लिहून दिलं की काहीच हरकत नाही, उलट जाळीपर्यंतचा उतार नीट झाला तर पाणी जाळीत लवकर जाईल. ते पत्र घेऊन गेले तर उत्तर काय, "हे आता एजीएमला ठेवू." एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, म्हणजे सप्टेंबर! कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते म्हणून आमच्याकडे ती शेवटच्या आठवड्यातच होते, आणि पावसाळ्यात सिमेंटचं काम कोण काढणार, म्हणजे सरळ दिवाळी. स्वतःच्या पैशाने दोन पोती सिमेंटचं काम.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर कोणी स्पष्ट नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर मी दुसरी व्यवस्था बघितली असती. प्रत्येक जण लिफ्टमध्ये भेटला की गाडीचं कौतुक, "मॅडम, आम्हालाही चक्कर मारा," आणि कागद तिथेच. एकदा तर वरच्या मजल्यावरचे एक काका मला म्हणाले की बाईमाणसाला एवढी पॉवरची गाडी कशाला. मी त्यांना शांतपणे सांगितलं की वीस वर्षं कारखाना चालवतेय, गाडी माझ्या पैशाची आहे आणि तुमचा मुद्दा बांधाचा असेल तर बांधावर बोला.

या सगळ्या काळात गाडी कुठे होती, तर रबाळ्याला कारखान्याच्या शेडमध्ये. रोज सकाळी जुन्या गाडीने जायचं, काम संपलं की ही बाहेर काढायची, ठाणे-बेलापूर रोडवर थोडी चालवायची आणि परत शेडमध्ये लावून जुनीने घरी. शेडमध्ये ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कव्हर कापडाचंच आणि श्वास घेणारं घ्या, आमच्याकडे दमटपणा एवढा की प्लास्टिकचं कव्हर घातलं तर आत ओल धरते.

आता गाडी. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, एस५८ म्हणतात त्याला, दोन टर्बो. माझ्या व्हर्जनला ४८० हॉर्सपॉवर. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ६०० न्यूटन-मीटर आहे, मॅन्युअलमध्ये ५५०, आणि सगळे मला सांगत होते ऑटोमॅटिक घे, ट्रॅफिकमध्ये पाय दुखेल. क्लच जड आहे हे खरं, वाशीच्या टोलनाक्याला संध्याकाळी अडकलात तर जाणवतं. पण तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना गाडी स्वतः इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, जुळवून घेते आणि तो आवाज येतो ना, त्यासाठी मी पाय दुखवून घ्यायला तयार आहे. हवं तर ते बंद करून स्वतःच्या पायाने जुळवता येतं, मी आता तसंच करते आणि जमायला लागलंय.

पहिल्या दिवसापासून वाटलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही गाडी हळू चालवतानाही कंटाळवाणी नाही. मला भीती होती की आपल्या रस्त्यांवर हिचं करायचं काय. दुसऱ्याच गियरमध्ये ही शंभर ओलांडते, अटल सेतूवर आणि एक्स्प्रेसवेला लिमिटच १०० आहे, म्हणजे वरचे चार गियर कायद्याने नुसते फिरवायला. पण स्टिअरिंग हातात घेतलं की समजतं. मागची चाकं काय करतायत ते सीटमधून कळतं. पाम बीच रोडवर रविवारी पहाटे नेरूळकडून वाशीकडे जाताना, साठच्या आतबाहेर, ते लांब वळण आहे ना तिथे गाडी अशी एका रेषेत वळते की परत फिरून तेच वळण घ्यावंसं वाटतं. आणि मी घेतलं, जुईनगरला यू-टर्न मारून.

रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवून रुळवणं, त्याबद्दल कोणी विचारलं तर हे सांगा: बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही, ताशी १७० च्या वर नाही (आपल्याकडे तो प्रश्नच नाही), पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, आणि एकाच स्पीडला तासभर चालवायची नाही, वेग आणि आरपीएम सतत बदलत ठेवायचा. टायर पहिल्या तीनएकशे किलोमीटरपर्यंत पूर्ण पकड देत नाहीत, ब्रेक बसायला पाचशेएक लागतात. २००० ला खास सर्व्हिस असते, इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलतात. ती टाळू नका, साध्या मॉडेलला नसते म्हणून हिलाही नाही असं समजू नका.

माझे ते किलोमीटर बांधामुळेच रखडले. घरी गाडी असती तर रोज सकाळी एक चक्कर झाली असती. रबाळ्याहून रोज थोडं थोडं, आणि रविवारी मुलाला घेऊन अटल सेतू. उलव्याच्या बाजूने चढायचं, समुद्रावर साडेसोळा किलोमीटर, शिवडीला उतरून परत. टोल एकेरी २५०, रिटर्न पास ३७५, दोन्ही बाजूंनी जाणार असाल तर रिटर्नच घ्या. पण सेतूवर रनिंग-इन नीट होत नाही कारण तिथे एकच स्पीड धरून जायचं असतं, त्यापेक्षा जुन्या हायवेने पनवेल, चौक, खोपोली करा, तिथे गियर बदलायला लागतात.

हां, स्पीड ब्रेकर. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, एकेक चाक चढवत. मागे रिक्षावाला हॉर्न मारेल, मारू दे. आणि पुढच्या कडेवर काही लागलंच तर इन्शुरन्सला झिरो डेप असू दे, नसेल तर प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात आणि या गाडीचा बंपर काय किमतीचा असतो ते विचारूच नका. स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे, पुढची टायर १९ इंची, मागची २० इंची, म्हणजे पुढचं मागे लागतच नाही. टायरची साइज फोनमध्ये लिहून ठेवा.

परत बांधाकडे. एजीएमपर्यंत थांबायचं नाही हे मी ठरवलं. इंडियन रोड्स काँग्रेसची स्पीड ब्रेकरची सूचना आहे, आयआरसी ९९, तिच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलाकार ब्रेकर १० सेंटिमीटर उंच असेल तर रुंदी ३.७ मीटर दिलीय. ती रस्त्यांसाठी आहे, सोसायटीला बंधनकारक नाही, मी तसा दावाही केला नाही. पण पत्रात दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहिली, त्यांची आणि आमच्या बांधाची, आणि फोटो जोडला. फोटोत बांधाच्या कडेवर ओरखडे होते, काळे, लाल, चंदेरी. माझी गाडी तर एकदाही तिथून गेली नव्हती! मग कळलं की होंडा सिटीवाले, व्हर्नावाले सगळे रोज पोट घासत जातायत आणि गप्प बसलेत. वॉचमन दादांनी सांगितलं की चार जण गाडीत बसले असतील तर बाकीचे उतरून चालत खाली जातात.

त्या सगळ्यांची दारं मी वाजवली. रविवार दुपार, जेवणं झाल्यावर. एकानेही सही नाकारली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर सांगितलं की त्यांना डायलिसिसला नेताना त्या धक्क्याने त्रास होतो, मुलाने दोनदा तोंडी सांगून झालंय. तोंडी. तिथेच तर सगळं मुरतं. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे, सभासदाची लेखी तक्रार आली की कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत कळवायचं. मी पत्रात तेवढं वाक्य घातलं, पोच घेतली, तारखेसकट शिक्का मारून घेतला. ऑफिसमधला मुलगा म्हणाला शिक्का सेक्रेटरी काकांच्या घरी आहे, म्हटलं जाते त्यांच्या घरी, आणि गेले.

पुढच्या मीटिंगमध्ये विषय पंधरा मिनिटांत मंजूर. इतके महिने जे होत नव्हतं ते. खर्चही आता माझा एकटीचा नाही, दुरुस्तीच्या हेडमधून झाला, कारण काम सगळ्यांच्या उपयोगाचं ठरलं. मिनिट्समध्ये "कमिटीने स्वतःहून पुढाकार घेऊन" असं लिहिलंय ते वाचून डोकं तापलं, पण मी दुरुस्ती मागून घेतली, आता तिथे "सभासदांच्या लेखी अर्जानुसार" असं आहे. मला ते हवं होतं.

काम झालं, सिमेंट पिकेपर्यंत थांबले. मग मी गाडी आणली, वॉचमन दादा वाकून बघत होते, मुलगा दुसऱ्या बाजूने. आधी तिरकी घातली, काही नाही. परत बाहेर काढून सरळ घातली, तरी काही नाही. मला इतका आनंद शोरूममध्ये किल्ली घेताना झाला नव्हता.

२००० ची सर्व्हिस झाली आणि आता सात हजार आरपीएमपर्यंत नेता येतं. पाच हजाराच्या पुढे आवाज बदलतो, जाड होता तो धारदार होतो, आणि ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच जाते. खोपोलीच्या अलीकडे रिकाम्या सरळ पट्ट्यावर दुसऱ्यात एकदा पूर्ण नेली आणि शंभरला सोडून दिली. मुलगा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसत होता.

जे कोणी अशी खाली बसलेली गाडी घ्यायचा विचार करतायत त्यांनी टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या आसपास न घेता डेमो गाडी आपल्या बिल्डिंगमध्ये मागवा, चांगले डीलर पाठवतात. आणि सोसायटीकडून ठरावाची सहीशिक्क्याची प्रत घेऊन ठेवा, कमिटी बदलली की नवे लोक पहिल्यापासून सुरू करतात. मेन गेटच्या आतला रबरी ब्रेकर अजून बाकी आहे, त्याचे बोल्ट वर आलेत. त्याचं पत्र कालच दिलं, सह्यांसकट, पोच माझ्याकडे आहे.