पहिली प्लेट

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. लग्नाच्या मांडवात, मालवणच्या एसटी स्टँडवर, मामेबहिणीच्या घरी, सगळीकडे तोच प्रश्न: "ठाण्यात असताना रोज गाडीवर खायचीस, मग आता काय झालं? डाएट करतेस?"

नाही करत. मी ठरवून काहीच सोडलेलं नाही.

2020 साली घरी आले तेव्हा आईला नुकतंच बीपी निघालं होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि दोघींसाठी दोन वेगळ्या भाज्या करणं काही जमण्यासारखं नव्हतं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, कुळथाची पिठी नाहीतर बांगड्याचं तिखलं, सोबत सोलकढी. सुरुवातीला मी ताटावर राग काढला. खोलीत लपून फरसाण खाल्लं. मग दोन-तीन महिन्यांत कधीतरी तीच पिठी मला पुरेशी खारट लागायला लागली. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी दहा-पंधरा दिवसांत नव्या होतात, पण मिठाची आवड बदलायला काही आठवडे ते महिने लागतात, हे नंतर वाचलं. तेव्हा मला पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो भावाच्या गाडीवर.

लॉकडाऊनमध्ये त्याची नोकरी गेली होती. पुढच्या दसऱ्याला त्याने आईच्या पाटल्या गहाण ठेवून तारकर्लीच्या रस्त्याला चायनीजची गाडी लावली. नारळ फोडला आणि म्हणाला, "पहिली प्लेट ताईची." ट्रिपल शेझवान. मला सगळ्यांत आवडायचं ते त्याने लक्षात ठेवलं होतं. पहिल्या घासाला तेल टाळूला चिकटलं, मग नुसतं मीठ आणि मागून एक गोडूस चव. दुसरा घास कसाबसा गेला. तिसरा तोंडातच फिरत राहिला. तो झारा हातात धरून माझ्याकडे बघत होता, शेजारी त्याचे मित्र उभे होते. "मस्त झालंय" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "पोट भरलंय." दुपारपासून मी काही खाल्लेलं नाही, हे त्याला माहीत होतं.

"काय झाला गो? बरा नाय?"

मी नुसती मान हलवली. त्याने प्लेट घेतली, स्वतः एक घास चाखला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि उरलेलं बादलीत ओतलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या भातात मीठ टाकताना त्याचा हात अडखळला. ते मला दिसलं.

नंतर बरेच दिवस मी लोकांना सांगत होते, "त्यात अजिनोमोटो असतं ना, ते मला सोसत नाही." ते खोटं होतं. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून जे ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटोतला चव देणारा घटक, वेगळं काढलं, ते टोमॅटोत असतं, सुक्या मासळीतही असतं. सुका जवळा तर मी चवीने खाते. बरं, मीठच कारण म्हणावं, तर खारा बांगडा मला अजून आवडतो. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारा बांगडा ताटात आला की मी तो हिशेब करत नाही. मग गाडीवरचंच का नको होतं? बांगड्याची चव लहानपणापासूनची आहे म्हणून? की तीन घासांवर प्लेट सोडल्यावर पुन्हा खायची लाज वाटते म्हणून? दोन्ही असेल.

ठाण्यातली मी समोर असती तर तिने मला खडसावून विचारलं असतं, भावासाठी चार घास गिळता आले नसते? आले असते. मी गिळले नाहीत. आणि चव खरंच गेली होती, हेही तितकंच खरं आहे. तिच्यापुढे मी अजून एवढंच बोलू शकते.

गाडी चालू आहे. पाटल्या सोडवल्या. सीझनला पर्यटकांची रांग लागते. नवी चटणी केली की तो मित्रांपैकी कुणालातरी चाखायला हाक मारतो, मला नाही. मी गेले की न मागता लिंबू सरबत पुढे करतो, मीठ न घातलेलं. "घाल रे थोडं," मी दरवेळी म्हणते.

तो घालत नाही.