चार सिलिंडर, तीन भोकं

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. रोजचं काम हायड्रॉलिकचे पाइप वाकवायचं. कोल्हापूरच्या एका काकांनी त्यांची जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्याकडे आणली, ती बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करून पुढच्या पाइपात सोडणारा भाग) तडकला म्हणून. दोनदा वेल्डिंग करून झालं होतं, दोन्ही वेळा चीर शेजारून पुन्हा निघाली. "आता पाइपचाच हेडर कर," म्हणाले, म्हणजे बिडाऐवजी वाकवलेल्या पाइपांचा मॅनिफोल्ड. मी हो म्हटलं. चार सिलिंडर म्हणजे चार पाइप, असं धरून चाललो होतो.

मॅनिफोल्ड उतरवला आणि हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, एक्झॉस्टची भोकं तीनच! या १७९८ सीसी इंजिनात २ आणि ३ नंबरचा धूर हेडच्या आतच एकत्र होतो. आधी मला हा दोष वाटला. मग कागदावर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मांडली: १-३-४-२. बाहेरचा, मधला, बाहेरचा, मधला. म्हणजे २ आणि ३ यांच्यात क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, ते एकमेकांच्या आड येतच नाहीत. १ आणि ४ चंही तसंच. म्हणून १ आणि ४ आधी जोडायचे, मधला पाइप एकटाच लांब खाली न्यायचा आणि तिथे दोघांची गाठ घालायची. दर अर्ध्या फेऱ्याला एकदा या पाइपात, एकदा त्या पाइपात धक्का. एकाचा वेग दुसऱ्याला ओढतो. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं ते सुंदर आहे.

लांबीसाठी जुना ठोकताळा वापरला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याच्या ५१ अंश आधी उघडतो. त्यात १८० मिळवले की २३१. त्याला ८५० ने गुणायचं, आरपीएमने (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भागायचं, ३ वजा करायचे, उत्तर इंचात. ६००० आरपीएम धरले तर ३० इंचही भरत नाहीत, ४५०० ला साडेचाळीस होतात. काकांना शर्यत नव्हती करायची, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्याच्या घाटात कमी आरपीएमला गाडीने ओढायला हवं होतं. मी साडेचाळीस घेतले: १ आणि ४ चे पंधरा-पंधरा इंच, बाकीचे दोघांच्या जोडलेल्या पाइपाचे. मधला सलग.

पुढचा आणि मागचा पाइप सारख्या लांबीचे करणं हेच खरं काम. जाड तार वाकवून आठ दिवस नुसते आकार घेतले. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि या इंजिनाचा एक्झॉस्ट डावीकडे, म्हणून तेवढी जागा तरी मिळाली. भंगारातल्या एका हेडवर फ्लँज (हेडला टेकणारी जाड पट्टी) आवळून सगळे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारले, तरी पूर्ण वेल्डिंगनंतर फ्लँज केळ्यासारखा वाकलाच. तो ग्राइंडिंगला नेऊन सपाट केला.

आणि तिथेच फसलो. गाडी चालू केली तर टिक-टिक-टिक. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट सैल असावेत म्हणून दोन दिवस तेच बघत बसलो. शेवटी सायलेन्सरमधून ब्लोअरने हवा सोडली आणि जोडावर साबणाचं पाणी टाकलं. मधल्या भोकापाशी फेस आला. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, आणि दोघांच्या कडा एकाच स्टडच्या जाड वायसरखाली दाबल्या जातात. ग्राइंडिंगमुळे माझा फ्लँज इनटेकच्या कडेपेक्षा अर्धा मिलिमीटर पातळ झाला होता. वायसर इनटेकवर बसायचा, माझ्यावर नाही. जाड पट्टीचा नवा फ्लँज कापला. या वेळी इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र पकडून एकाच पातळीत सपाट केले. आवाज गेला.

पाइपांना उष्णतेची पट्टी गुंडाळा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मी नाही गुंडाळली. आपल्या पावसात ती ओल धरते आणि खालचं साधं लोखंड खाते. पण चाचणीला गेलो तेव्हा घाटाच्या वाटेवर जांबोटीला चहाला थांबलो आणि नंतर गाडी वीस मिनिटं चालूच होईना. कार्बोरेटर बरोबर हेडरच्या वर, पेट्रोल उकळत होतं. परत येऊन मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घातला, पत्र्याखाली बोटभर हवा ठेवली. पुढच्या रविवारी तिथेच, तेवढाच वेळ थांबलो. काकांनी किल्ली फिरवली, पहिल्याच फेऱ्यात चालू झाली, आणि चोर्ल्याचा चढ त्यांनी तिसऱ्या गियरमध्ये काढला.