या फाइलमधला दिवस किती वाजता सुरू होतो?

मी भाषेची अभ्यासक. एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या जहाजांवर रोज लिहिल्या जाणाऱ्या नोंदवह्या, म्हणजे लॉगबुकं, हा गेली काही वर्षं माझा विषय. खलाशी वाऱ्याला कोणकोणत्या शब्दांनी ओळखायचे, झुळूक कुठे संपते आणि वादळ कुठे सुरू होतं, एकाच वाऱ्याला दोन जहाजं दोन वेगळी नावं का देतात, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी ११ वह्यांमधल्या साधारण ६,००० नोंदी हाताने टाइप केल्या, लेख लिहिला, तो एका नियतकालिकात आला आणि एक्सेलची फाइल लॅपटॉपमध्ये पडून राहिली. लेखाच्या तळाशी सगळे लिहितात तेच मीही लिहिलं होतं: 'डेटा मागणी केल्यास उपलब्ध'. मागायला कोण येतंय, असा त्या ओळीचा खरा अर्थ.

आठ महिन्यांनी मागणी आली, तीही हवामानशास्त्राच्या एका संशोधकाकडून. लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता, म्हणून त्यांनी नुसता सारांश वाचला होता. 'नोंदींमध्ये तारीख, अक्षांश-रेखांश आणि हवेचा दाब असेल तर फाइल पाठवाल का?' माझ्याकडे तिन्ही होतं. माझ्या लेखात त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नव्हता, पण वहीत होतं म्हणून उतरवलं होतं. लगेच फाइल जोडून पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी उलट प्रश्न आला: 'या फाइलमधला दिवस किती वाजता सुरू होतो?'

मला आधी प्रश्नच कळला नाही. दिवस रात्री बारालाच सुरू होणार ना! मग आठवलं, आणि आठवल्यावर जरा लाजच वाटली, कारण हे मला चांगलं ठाऊक होतं. समुद्रावरचा दिवस जुन्या पद्धतीत दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा. सूर्य डोक्यावर आला की अक्षांश मोजायचा आणि तारीख बदलायची. म्हणजे वहीत '१२ मार्च, दुपारनंतर' असं लिहिलं असेल तर जमिनीवर ती ११ मार्चची दुपार. ब्रिटिश नौदलाने १८०५ साली ही पद्धत सोडली, पण काही व्यापारी जहाजं पुढेही दुपारीच तारीख बदलत राहिली. लॉगबुकांवर काम करणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून मी ते कुठेही लिहिलं नव्हतं. हवामानवाल्यांच्या दृष्टीने मात्र माझ्या निम्म्या नोंदी चुकीच्या दिवशी पडत होत्या.

पुढच्या वर्षी अजून एकाने फाइल मागितली तेव्हा आधीच्या वेळी नेमकी कुठली पाठवली होती तेच सापडेना. तेव्हा ठरवलं की हे सगळं एकदाचं खुल्या संग्रहात, म्हणजे कुणालाही फुकट उघडता येईल अशा ऑनलाइन जागी, टाकायचं.

पहिला अडथळा लेखाचा. नियतकालिकाबरोबरचा करार मी सही करताना वाचला नव्हता, आता वाचला. छापील पीडीएफ कुठेही टाकायला बंदी, पण तज्ज्ञांच्या सूचनांनुसार दुरुस्त करून स्वीकारलेला, प्रकाशकाने पानं लावण्याआधीचा मसुदा १२ महिन्यांनंतर टाकायला परवानगी. कुठलं नियतकालिक काय करू देतं हे तेव्हा शेर्पा रोमिओ या साइटवर नाव टाकून पाहता यायचं. तिथेही तेच लिहिलेलं होतं. बरं, आता तो मसुदा कुठे आहे? माझ्याकडे एकाच नावाच्या पाच फाइली. बरोबर ती उघडली तर समासात परीक्षकांचे शेरे आणि त्यांच्याशी मनातल्या मनात घातलेला माझा वाद तसाच टिपलेला. ते नजरचुकीने जगजाहीर झालं असतं तर काही खरं नव्हतं.

वह्यांच्या पानांचे फोटोही टाकावेसे वाटत होते, पण ते मी 'वैयक्तिक अभ्यासासाठी' अशा अटीवर काढले होते. त्यामुळे फोटो बाहेर. त्याऐवजी प्रत्येक ओळीसमोर मूळ वहीचा संग्रहक्रमांक आणि पानाचा आकडा घातला. ज्याला शंका येईल त्याने तिथे जाऊन पाहावं.

टाकायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. खुल्या संग्रहांची चाल भौतिकशास्त्रज्ञांनी पाडली. ते आधीपासून छपाईपूर्व मसुदे एकमेकांना टपालाने पाठवत असत. ऑगस्ट १९९१मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत त्यासाठी संगणक जोडून दिला आणि त्याचाच पुढे अर्काइव्ह हा संग्रह झाला. जीवशास्त्राला असा संग्रह, म्हणजे बायोअर्काइव्ह, मिळायला २०१३ उजाडलं. पण हे सगळे आपापल्या विषयाचे वाडे. मी आधी एका विषयवार संग्रहाकडे गेले आणि दोन दिवसांत 'आमच्या कक्षेत बसत नाही' म्हणून परत आले. त्यांचंही चूक नाही. भाषेच्या लेखाबरोबर हवेच्या दाबाचे आकडे कुठल्या खणात ठेवायचे?

शेवटी झेनोडो. सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था आणि ओपनएअर हा खुल्या संशोधनाचा युरोपीय प्रकल्प, यांनी २०१३ साली सुरू केलेला हा संग्रह विषय विचारत नाही. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस, त्याच्यावरून हे नाव. एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा मिळते. माझी फाइल दोन एमबीसुद्धा भरत नव्हती. खातं उघडलं, ऑर्किडचा, म्हणजे प्रत्येक संशोधकाला वेगळं ओळखणारा, १६ अंकी क्रमांक जोडला (माझ्या नावाच्या अजून दोन संशोधक आहेत, त्यांचे लेख अधूनमधून माझ्या नावावर खपतात), आणि वाटलं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

लागले सहा आठवडे. अपलोड करायला दहा मिनिटं, बाकी सगळा वेळ फाइलमध्ये गेला.

तारखांपासूनच सुरुवात. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. मी जिथे '१२/३/१८४७' असं पूर्ण लिहिलं होतं तिथे त्याने ती नुसती अक्षरं समजून चौकटीत डावीकडे चिकटवली. जिथे कंटाळून '४७' एवढंच लिहिलं होतं तिथे तिची खरी तारीख बनवून उजवीकडे सरकवली, फक्त साल घातलं १९४७. आणि १८२५ ची नोंद '२५' म्हणून टाकलेली, ती थेट २०२५ मध्ये. दोन आकडी सालांना ३० च्या अलीकडे चालू शतक आणि पलीकडे मागचं, असा त्याचा हिशेब. इतकी वर्षं त्या रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसत होत्या, आणि मला वाटायचं की आपणच कुठेतरी मध्यभागी-बाजूला असलं बटण दाबलंय.

हे गाऱ्हाणं जीवशास्त्रातल्या एका मैत्रिणीला सांगितलं तर ती हसतच सुटली. त्यांच्याकडे मार्च १ आणि सप्टें १ अशा नावांची जनुकं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं, आणि छापून आलेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत त्या तारखा तशाच राहायच्या. एक्सेल काही सुधारेना, तेव्हा मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. २०२० मध्ये तिने त्याचे नियमही जाहीर केले. मैत्रिणीच्या दुःखापुढे माझं अगदीच किरकोळ ठरलं.

तारीख मग तीन वेगळ्या रकान्यांत तोडली: वर्ष, महिना, दिवस. वहीतली तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, जमिनीवरची शेजारच्या रकान्यात. फाइल एक्सेलमधून काढून साध्या सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या मजकुरात, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात. मग रीडमी, म्हणजे सोबतचं माहितीपत्रक. मी अर्ध्या पानाचं केलं होतं. हवामानवाल्यांना दाखवलं तर प्रत्येक ओळीवर प्रश्न. दाब इंचांत आहे का? तापमानाची दुरुस्ती केलेली आहे की मोजलेलं तसं? वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून की होकायंत्रावरून? रिकामी चौकट म्हणजे वहीत लिहिलेलं नव्हतं, की तुम्हाला वाचता आलं नाही? या शेवटच्या प्रश्नासाठी ११ वह्यांचे फोटो पुन्हा उघडावे लागले. रीडमी अखेर सात पानांचं झालं. माझ्या लेखापेक्षा ते जास्त प्रामाणिक आहे, कारण काय वाचता आलं नाही हे लेखात मी कधीच सांगितलं नसतं.

उलट दिशेनेही थोडी शिकवणी झाली. त्यांना वाऱ्याचा जोर ० ते १२ अशा आकड्यांत, बोफर्टच्या श्रेणीत हवा होता. मी सांगितलं की हे शब्द असे सरसकट आकड्यांत उतरत नाहीत, एकाच शब्दाचा जोर लिहिणाऱ्यागणिक बदलतो. मला वाटलं, आता वाद होणार. तर त्यांनीच क्लिवॉक प्रकल्पाच्या शब्दकोशाकडे बोट दाखवलं. १७५० नंतरच्या शंभरेक वर्षांची लॉगबुकं वाचून हवामान काढायला निघालेल्या त्या प्रकल्पाला आधी चार भाषांमधल्या वाऱ्याच्या शब्दांचा कोश करावा लागला होता. भाषेची अभ्यासक म्हणवणाऱ्या मला तो माहीत नव्हता, कारण तो हवामानाच्या कपाटात होता.

त्यावरून सुचलं म्हणून विचारलं, 'असं काही शोधायचं असेल तर तुम्ही काय टाइप कराल?' त्यांनी दिलेल्या सहा शब्दांतला एकही माझ्या शोधशब्दांत नव्हता. मी घातले होते सगळे अर्थविज्ञानाचे. संग्रहातून बाहेरच्या शोधयंत्रांकडे जातं ते प्रामुख्याने वर्णन: शीर्षक, लेखक, सारांश, विषय असे मोजके रकाने. त्यामुळे तिथे जो शब्द नाही, तो शोधणाऱ्याला तुम्हीही नाही. मी दोन्हीकडचे शब्द घातले आणि सारांशाचा पहिला परिच्छेद खलाशी, हवामान आणि भाषा यांतलं काहीच न येणाऱ्या माणसासाठी पुन्हा लिहिला.

परवान्याच्या यादीत मी आधी 'अव्यावसायिक वापर' निवडलं होतं. आपली मेहनत कुणी विकू नये, एवढाच विचार. पण अशी अट असलेला डेटा अनेक मोठ्या एकत्रित साठ्यांत घेता येत नाही, कारण त्या साठ्यातून पुढे कोण काय बनवेल याची हमी कुणी देत नाही. शेवटी सीसी बाय: श्रेय द्या, बाकी हवं ते करा. मनाची तयारी व्हायला दोन दिवस लागले, खोटं कशाला बोलू.

'प्रकाशित करा' दाबलं, डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी नकाशा आला. हवामानवाल्यांनी माझ्या सगळ्या नोंदी ठिपक्यांनी मांडल्या होत्या. एक जहाज भर वाळवंटात उभं होतं. पश्चिम रेखांशांपुढचं उणे चिन्ह टाकायला मी एका अख्ख्या वहीत विसरले होते. दुसरं एक जहाज जमिनीवर नव्हतं, पण ओळखीची बेटं सगळी थोडी बाजूला ठेवून चाललेलं. ते फ्रेंच होतं आणि त्याचे रेखांश पॅरिसपासून मोजलेले. ग्रिनिचवर शिक्कामोर्तब झालं १८८४ च्या परिषदेत, त्याआधी ज्याचा त्याचा शून्य वेगळा. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं. विषुववृत्तापाशी सुमारे २६० किलोमीटरचा फरक.

प्रकाशित झालेली फाइल गुपचूप बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते आणि जुनीही तिथेच राहते. वाळवंटातलं जहाज पहिल्या आवृत्तीत अजून उभं आहे, कुणालाही पाहता येतं. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय, शिवाय सगळ्यांना मिळून एक, जो कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो. तिसऱ्या आवृत्तीत त्या संशोधकाचं नाव योगदानकर्त्यांत घातलं. त्यांनी ४१ चुका ओळ क्रमांकासकट धाडल्या होत्या.

गेल्या महिन्यात आणखी एक पत्र आलं, आता वैद्यकाच्या इतिहासाकडून. 'रीडमीत तुम्ही लिहिलंय की वहीतला एक रकाना अनावश्यक म्हणून उतरवलेला नाही. तो कसला होता?' चार वह्यांमध्ये होता तो. रोज किती माणसं आजारी, त्याचा आकडा. फोटो पुन्हा उघडलेत. दोन वह्या झाल्या, दोन राहिल्यात.