तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या गावचा सुपरहिरो

शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटुकली लिहिणारा मास्तर, एवढीच माझी ओळख. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम लागला की एखादं मंडळ एखादा प्रवेश नीट करून मागतं, तेवढाच रंगभूमीशी संबंध. पण लिहिणारा माणूस म्हटला की लोक विचारतातच, "सर, आपल्याकडच्या पोरांसाठी सुपरहिरोची मालिका काढायची झाली, तर तुम्ही काय काढाल?" पोरं विचारतात, पोरांचे मामे विचारतात, आणि मुंबईत चॅनेलच्या कामाला लागलेला एक जुना विद्यार्थी तर गावी आला की हाच विषय काढतो.

विचारणाऱ्याची स्वतःची आयडिया बहुधा तयार असते, आणि ती लोणारची असते. उल्का पडली, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं, त्यात खारं पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा तर सगळ्यांचीच खात्री पटली. एक पोरगा सरोवरात पडतो आणि हातातून गुलाबी किरणं घेऊन बाहेर येतो! पाणी खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंगलं होतं हे सांगितलं की मामेलोक हिरमुसतात. माझी तक्रार विज्ञानाची नाही. आभाळातून पडलेली शक्ती ज्याला मिळाली त्याला मिळाली, बघणाऱ्या पोरानं काय करायचं? उल्केची वाट पाहायची?

माझं म्हणणं असं, की गावातल्या माणसाला जे मुळातच येतं, त्याच्या एकच पायरी वर हिरोची शक्ती असावी. एकच.

म्हणून माझी हिरो सातवीतली पोरगी आहे आणि तिची शक्ती म्हणजे कान. नाव समीक्षा, कारण आमच्या वर्गात हल्ली निम्म्या पोरी समीक्षा नाहीतर प्राची असतात. गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. आजीला कमी ऐकू यायला लागलं आणि ही तिच्यासोबत मोहफुलं वेचायला जायला लागली. दोघींच्या वाटचं एकटीनं ऐकता ऐकता कान तयार झाले. उल्का नाही, प्रयोगशाळा नाही, साधूचा आशीर्वाद तर नाहीच नाही.

मोहफूल पहाटे गळतं. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आधीच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक बजावून सांगतात. पुढं तेंदूपत्त्यातही तेच. अशा वेळी माणसं जंगल कानानं वाचतात. पहिल्या भागाचा पहिला प्रवेश मी तिथंच ठेवलाय. अंधार, फुलं टपटप पडतायत, आजी वाकलेली. समीक्षा एकदम हात वर करते.

"आजी, चूप!"

"का झालं वं?"

"वांदर वरडून रायले. पन आपल्याकडं पाहून नाही, नाल्याकडं पाहून."

इथं पोरांना खरी विद्या मिळते. वानर उंच बसलेलं असतं, त्याला लांबचं दिसतं, म्हणून ते कुठं तोंड करून खाकरतं ते पाहायचं. चितळ भित्रं, पान हललं तरी कॉल, म्हणजे धोक्याची हाक, देतं, कोल्ह्यालाही देतं. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. सांबरानं भोंग्यासारखा कॉल दिला आणि देतच राहिलं, तर वाघ आहे असं समजून मुकाट माघारी फिरायचं. हे आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या गुराख्याला ठाऊक असतं. समीक्षाला एवढंच जास्त येतं, की ती हे तीन मैलांवरून ऐकते.

प्रसंग जंगलापुरतेच ठेवायचे नाहीत. आषाढात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी चालू आहे, बाया चिखलात ओळीनं वाकल्यात, लांब वीज चमकते. समीक्षा मोजायला लागते: एक, दोन, तीन... आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. तीसच्या आत गडगडलं की रोवणी टाकून पक्क्या घरात जायचं, मोहाच्या झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पडद्यावर तिच्यासोबत सगळी बांधी मोजते. दुसऱ्या एका भागात ती मामाच्या गावी यवतमाळकडे जाते. मामा पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करतोय आणि पानांच्या सळसळीवरून तिला कळतं की वारा उलटा फिरला. 2017 साली त्या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यामुळे मामाला पंप खाली ठेवायला लावणं ही काही लहान कामगिरी नाही. मामा ऐकत नाही, मामाच तो. तेवढ्या एका गोष्टीवर अख्खा भाग जातो.

मोजण्याचा आग्रह मी का धरतो? रविवारी पडद्यावर जे होतं ते सोमवारी शाळेत होतं. 1997 साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मधल्या सुट्टीत सगळं मैदान हात वर करून गरागरा फिरायचं आणि चक्कर येऊन पडायचं. पुढं तो वाचवायला येईल म्हणून पोरं जिवावर उदार झाल्याच्या बातम्या आल्या आणि मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावर येऊन, असं करू नका, हे सांगावं लागलं. म्हणून आमच्या यादीतून दोन हिरो मी आधीच काढून टाकले. एक सर्पमित्र, कारण सोमवारी कोणीतरी धामण समजून भलतंच काही धरेल. दुसरा जमिनीखालचं पाणी दिसणारा. बोअर मारून मारून आधीच लोक बुडालेत, त्यांना आणखी एक पानाड्या कशाला? समीक्षाची नक्कल केली तर काय होईल? पोरं बोट वर करून "चूप!" म्हणतील आणि ऐकत बसतील. महाराष्ट्रातल्या तमाम मास्तरांतर्फे मी आत्ताच निर्मात्याचे आभार मानून ठेवतो. मालिकेचं नावही तेच, 'चूप!'

पोशाखाचं काय, असं सगळे विचारतात. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांत एक स्पायडरमॅन होता. नायलॉनचा घट्ट पोशाख, श्रावण संपताना उकडतं तसं उकडत होतं, मुखवटा कपाळावर सरकवलेला, एका हातात बैलाची दोरी आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला लाडू. जाळं टाकायला हात मोकळा नव्हता. आमच्या उन्हात, जिथं पारा 45 च्या पुढं सहज जातो, तिथं रबरी पोशाख म्हणजे हिरो पहिल्याच भागात उष्माघातानं आडवा. आणि गरज तरी काय? मे महिन्यात विदर्भातली प्रत्येक पोरगी डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यानं गच्च बांधून फिरते. मुखवटा घरोघरी आहे. ओळख लपवायला याहून सोयीची जागा जगात नसेल. गावचा पोलीस पाटील ओळखायला निघाला तर एसटी स्टँडवर त्याला चाळीस समीक्षा दिसतील.

तिची कमजोरी म्हणजे आवाज. वरातीचा डीजे लागला की तिला काही ऐकू येत नाही, थ्रेशर सुरू झाला की डोकं धरून बसते. त्यामुळे खलनायकही आपसूक ठरला. वाघ नाही. वाघाला खलनायक केला की पोरं त्याच्या मरणावर टाळ्या पिटतील आणि दोस्त केला की जवळ जातील. खलनायक आहे भोंगा. लाउडस्पीकर लावलेली गाडी घेऊन गावोगाव फिरणारा, गोड बोलणारा, आणि ज्या गावात शिरतो तिथं अफवा सोडून जाणारा. तो चितळासारखा कॉल देतो, उगाच आणि सारखा, आणि सगळा कळप पळत सुटतो. अफवेनं काय होतं ते या राज्यानं पाहिलंय. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, पोरं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. लहान पोरांना ते दाखवायचं नाही, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते असायला हवं. समीक्षाची खरी लढाई इथं आहे. कोणता कॉल सांबराचा आणि कोणता चितळाचा, हे माणसांच्या बोलण्यात ओळखणं. जंगलात जमलं ते गावात जमेल का, आणि जमलं तरी सातवीतल्या पोरीचं कोण ऐकेल?

हंगामाचा शेवट मारबतीवर. इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा म्हणजे मारबत, आणि वाईट गोष्टींची टर उडवणारा पुतळा म्हणजे बडग्या. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबती 1880 च्या दशकापासून निघतात, सोबत बडगे निघतात, ते सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्याकडे गावागावांतही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारचे पळसाच्या फांद्यांचे मेढे काढून शिवेबाहेर नेतात. "इडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" भोंगा मरत नाही. पोरं त्याचा बडग्या करून शिवेपलीकडे सोडून येतात, आणि पुढच्या वर्षी तो यायचाच. दुसऱ्या हंगामाची सोय झाली, असं माझा मुंबईचा विद्यार्थी म्हणाला. धंद्याचं त्याला बरोबर कळतं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाही लिहून देणार नाही. विदर्भ म्हटलं की चॅनेलवाले हळूच विचारतात, हिरो शेतकऱ्याची आत्महत्या थांबवतो असा एक भाग घेता येईल का? नाही. ज्या पोराचा बाप गेला तो पोरगाही टीव्हीसमोर बसलेला असतो. पडद्यावरच्या बापाला वाचवायला कोणीतरी आलं, माझ्या बापाला का नाही, याचं उत्तर पटकथेत नसतं. गाव दाखवायचं तर दुःख दिसेलच, पण ते हिरोच्या पदकासाठी नको.

भाषेचा वादही होतो. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणारं पात्र मालिकेत आलं की हसायलाच येतं. इथं हिरो ती बोलेल, आणि हसू भोंग्याच्या पुस्तकी मराठीचं होईल. झालं तर झालं.

राहता राहिला पैसा. ग्राफिक्सला किती लागतील, असं विद्यार्थ्यानं फोनवर विचारलं. मी म्हटलं, ग्राफिक्स नकोच, सगळा पैसा साउंडवर घाल. चांगला माइक आण, आणि रात्रभर मचाणावर न खोकता बसेल असा साउंडवाला शोध. माइक मिळेल, म्हणाला. माणसाचं बघतो.