हिरवळीत बुडालेली शमी

त्या झाडाचे पाणी वाढवण्याच्या आदेशावर सही माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. २०२३ च्या मे महिन्यात अल ऐन शहरातील एका रस्त्यालगतच्या बागेतला जुना घाफ वृक्ष पश्चिमेच्या बाजूने पिवळा पडू लागल्याची नोंद आमच्या पर्यवेक्षकाने पाठवली होती. मी मात्र जागेवर जाऊन पाहण्याचेही कष्ट न घेता त्याच्या बुंध्याशी आणखी दोन बबलर, म्हणजे मुळाशी पाणी सोडणारी नळाची तोंडे, बसवायला सांगितले. उन्हाळा सुरू झाला होता, पारा पंचेचाळिसाकडे सरकत होता, आणि वाळवंटात झाड सुकते आहे म्हटल्यावर पाणी कमी पडत असेल यापलीकडे माझा विचार गेला नाही. पाच आठवड्यांनी पिवळेपणा निम्म्या झाडावर पसरला. पश्चिमेकडच्या फांद्या पार वाळल्या आणि बाग ज्या खात्याच्या अखत्यारीत होती, तेथील अभियंत्यांनी झाडाचे छायाचित्र पाठवून खाली एकच प्रश्न लिहिला : हे तुम्ही पाहिले आहे का?

संयुक्त अरब अमिरातीत घाफ हे साधे झाड नाही. २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान मिळाला आणि २०१९ हे वर्ष तेथे सहिष्णुता वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा त्याचे बोधचिन्हही घाफच होते. परवानगीवाचून त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव प्रोसोपिस सिनेरेरिया, म्हणजे आपली शमी, काही भागांत जिला सौंदड म्हणतात ती. दसऱ्याला जिची पूजा होते, पांडवांनी अज्ञातवासात जाताना जिच्यावर शस्त्रे लपवली असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि गणपतीला जिची पत्री वाहतो, तीच ही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकताना हे शास्त्रीय नाव मी पाठ केले होते, आणि अल ऐनमध्ये नोकरीला लागल्यावर घाफची यादी करताना शेकडो वेळा लिहिलेही होते. परंतु गावच्या वेशीबाहेरच्या शमीला जन्मात कोणी बादलीभर पाणी घातलेले मी पाहिले नव्हते, ही गोष्ट आदेशावर सही करताना मला आठवली नाही.

अल ऐनविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून ही चूक किती विचित्र होती हे कळणार नाही. हे शहर अबू धाबी अमिरातीच्या पूर्व टोकाला, ओमानच्या सीमेला लागून, जेबेल हफीत डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी, पाऊस पडतो. असे असूनही येथे सहा मोठी खजूरवने आहेत, कारण लोहयुगापासून येथील लोकांनी फलज खणले. फलज म्हणजे भूगर्भातले पाणी निव्वळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत आणणारा पाट. त्यातले पाणी वाटून घेण्याची पद्धत आमच्याकडच्या पाटपाण्याच्या पाळ्यांसारखीच, वेळेच्या हिश्शावर चालते. शेख झायेद १९४६ पासून या भागाचे प्रशासन पाहत असताना त्यांनी हे पाट दुरुस्त करवून घेतले. ही खजूरवने आणि हिली, हफीत, बिदा बिंत सऊद येथील प्राचीन स्थळे २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. थोडक्यात, पाण्याचा थेंब मोजण्याची तीन हजार वर्षांची सवय असलेल्या गावात मी पाण्याचा अतिरेक करत होतो.

त्या वर्षीची दुपारची कामबंदी नुकतीच सुरू झाली होती. तेथील नियमाप्रमाणे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करता येत नाही, म्हणून घाफचा बुंधा खणून पाहायला आम्ही पहाटे पाचलाच बागेत पोहोचलो. यंत्र लावले असते तर मुळे तुटली असती, तेव्हा फावडी, टिकाव आणि घमेली एवढ्यावरच भागवायचे ठरले. टोळीत पेशावरकडचे दोघे, सिल्हेटचे तिघे आणि राजस्थानातल्या झुंझुनूचे एक वयस्कर मुकादम होते. मुकादमांनी आदल्या दिवशीपर्यंत या बागेत पाऊल टाकलेले नव्हते. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टाचेने हिरवळ दाबली, टाचेच्या खळग्यात पाणी भरताना पाहिले, आणि माझ्याकडे वळून विचारले, "साहब, खेजड़ी को पानी कौन देता है?" खेजडी म्हणजे राजस्थानातली हीच शमी. त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती. त्यांना खरोखरच माहिती हवी होती. मी म्हटले, "मी देतो." त्यावर ते काही बोलले नाहीत, त्यांनी टिकाव उचलला.

वरचा थर तथाकथित स्वीट सॉइलचा होता. आखातात बागकामाला बाहेरून आणलेली बिनक्षाराची वाळूमाती वापरतात, तिला सगळे याच नावाने ओळखतात. बाग बांधताना रस्त्याच्या कडेच्या दगडाशी पातळी जुळावी म्हणून ही माती घाफच्या बुंध्यावर थेट ओढलेली होती, हे दहा मिनिटांत स्पष्ट झाले. खोड जमिनीतून एखाद्या खांबासारखे सरळ वर येत होते. मुळांजवळ खोडाला जो फुगीर पसरटपणा असतो, तो कोठेच दिसत नव्हता. तो चाळीस सेंटिमीटर खाली सापडला. तेथली साल ओली, काळपट आणि हाताने ओढताच सुटून येणारी होती. त्याखालची माती करडी निघाली, आणि तिला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हवा न मिळालेल्या, सतत भिजलेल्या मातीलाच असा वास येतो. उसाच्या पाणथळ रानात मी तो लहानपणी घेतला होता. वाळवंटात तो नाकाला लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

सत्तर सेंटिमीटरवर टिकाव खणकन आदळला. पांढरट, सिमेंटसारखा घट्ट थर होता तो. चुना आणि जिप्सम साचून बनलेला हा थर या भागात अनेक ठिकाणी लागतो. आम्ही खड्डा रिकामा ठेवून चहा घ्यायला बसलो, तेवढ्यात चहूबाजूंनी झिरपून त्यात वीतभर पाणी जमले. हातातल्या मीटरने मोजले, तर सिंचनाच्या पाण्याची क्षारता दोनच्या आतबाहेर होती आणि खड्ड्यातल्या पाण्याची अकरा, म्हणजे सुमारे पाचपट. आमच्या बागांना सांडपाणी शुद्ध करून जांभळ्या नळांतून येते. ते झाडांना चालते, पण त्यात क्षार असतातच. निचरा असेल तर ते खाली धुऊन जातात. निचरा नसेल तर पाणी उन्हाने उडते आणि क्षार तेथेच साठत राहतात.

हिशेब मी माझ्या नोंदवहीच्या पाठीमागे मांडला. पास्पालम गवताच्या हिरवळीला आम्ही उन्हाळ्यात चौरस मीटरमागे रोज सुमारे अकरा लीटर पाणी देत होतो. एका चौरस मीटरवर एक लीटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. म्हणजे या शहरावर वर्षभरात जेवढे पाणी आकाशातून पडते, तेवढे आम्ही त्या झाडाखाली नऊ-दहा दिवसांत ओतत होतो, आणि खाली एक दगडी ताट ठेवल्यासारखा थर होता. घाफचे सोटमूळ तीस मीटरपर्यंत खोल जाऊ शकते, त्यामुळे झाड इतकी वर्षे तग धरून राहिले असावे. उथळ मुळे आणि गाडली गेलेली खोडाची मान मात्र बुडून, गुदमरून कुजत होती. मी वाढवलेल्या दोन बबलरांनी उरलेसुरले काम केले. त्यातला एक पश्चिमेकडेच होता.

साडेअकराला अभियंता आले. मी झाडाभोवतालची हिरवळ फांद्यांच्या घेरापर्यंत पूर्ण काढायचा प्रस्ताव मांडला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे म्हणणे मला आजही अयोग्य वाटत नाही. संध्याकाळी सतरंज्या अंथरून कुटुंबे त्याच गवतावर बसतात. पारा चाळीस अंशांखाली उतरल्यावर गार हिरवळीवर पाय पसरणे, हे येथील लोकांचे सुख आहे, आणि ते केवळ दिखाऊ म्हणून मोडीत काढता येत नाही. बाग लोकांसाठीच असते. शेवटी मुकादमांनीच हिंदी-अरबीची सरमिसळ करून त्यांना सांगितले की, त्यांच्याकडे खेजडीखाली माणसे बसतात, पण खाली गवत नसते, सावली असते. अभियंत्यांनी खड्ड्यात हात घालून माती उचलली, वास घेतला आणि परवानगी दिली. बोलण्यापेक्षा त्या वासाचाच उपयोग अधिक झाला असावा.

पुढचे तीन आठवडे कष्टाचे गेले. खोडाची मान मोकळी केली, आणलेली माती हलक्या हाताने काढली, घेरातले सगळे बबलर बंद केले. कठीण थराला ड्रिलने चार भोके पाडून ती खडीने भरली, आणि एका भोकात झाकणाची एक सच्छिद्र नळी उभी केली, म्हणजे पाणी साचते की नाही हे काठी घालून पाहता येईल. जमिनीवर बारीक खडी पसरली आणि कडेने दगडी बाक बांधले. हिरवळ उरलेल्या दोन तृतीयांश बागेत तशीच राहिली. वाळलेल्या फांद्या परवानगी काढून फेब्रुवारीत छाटल्या. पश्चिमेची बाजू आता भुंडी दिसते. पूर्वेकडे मात्र त्या वसंतात नवी पालवी आली.

१६ एप्रिल २०२४ ला जे झाले, ते पुष्कळांनी बातम्यांत पाहिले असेल. १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक पाऊस त्या दिवशी अमिरातीत पडला, आणि त्यातही सर्वांत मोठा आकडा अल ऐनमधल्या खत्म अल शकला या ठिकाणचा होता : चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दोन दिवस आम्ही पंप आणि टँकर घेऊन बागाबागांतून पाणी उपसत होतो. १८ तारखेला दुपारी त्या बागेत पोहोचलो, तेव्हा हिरवळीचा भाग तळ्यासारखा भरलेला होता आणि बगळे त्यात निवांत चालत होते. मुकादम माझ्या आधीच घाफकडे गेले होते. त्यांनी नळीचे झाकण काढले, काठी तळापर्यंत सोडली, वर ओढली, आणि ओल कोठवर लागली आहे ते अंगठ्याने दाबून मला दाखवले. ती बोटभर होती.